‘मॅनर हाउस’ म्हणजे हवेली नव्हे

प्रश्न असा : नागपुरात वर्धा रोडवर फ्लॅट घेतला, इंटिरिअरवाल्याने ‘क्लासिक मॅनर हाउस स्टाइल’ सुचवली. वास्तुशांतीच्या पत्रिकेत मराठीत ‘हवेली शैली’ लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. हल्ली छताला पीओपीची नक्षी केली आणि झुंबर टांगलं की झाली हवेली! ऐकून कान किटले. हवेली म्हणजे शेठ-सावकारांचं शहरातलं घर. मॅनर हाउस खेड्यातलं, शेतीवाडीच्या मधोमध उभं. लाकडी पॅनेल, फायरप्लेस वगैरे तुम्हाला कॅटलॉगमध्ये दिसलंच असेल. (फायरप्लेस! मे महिन्यात इथे पारा ४५च्या पुढे जातो.)

मूळ लॅटिन ‘मानेरे’, म्हणजे राहणं, टिकून असणं. ‘मॅन्शन’ आणि ‘पर्मनंट’ त्याचेच भाऊबंद. पण मध्ययुगीन इंग्लंडात मॅनर ही आधी जमीन होती, घर नंतर. १०८६च्या ‘डूम्सडे’ पाहणीत मॅनरची नोंद आहे ती नांगर, कुळं, गिरण्या यांच्यासकट. त्या जमिनीच्या धन्याचं घर ते मॅनर हाउस.

असं घर आपल्याकडे कोणाचं? मालगुजाराचं! १८६०च्या दशकातल्या जमीन महसुलाच्या बंदोबस्तात इंग्रजांनी नागपूर भागात गावंच्या गावं मालगुजारांच्या मालकीची करून दिली. १९५१ साली ते हक्क गेले; भंडारा-गोंदियाकडचे तलाव तेवढे ‘माजी मालगुजारी’ म्हणून उरले आणि दोन ‘मां’चे मिळून ‘मामा तलाव’ झाले. शब्दही काय देखणा आहे! यातला ‘माल’ दुकानातला नाही, तो सारा, महसूल. ‘गुजार’ म्हणजे फारसीत अदा करणारा. आभार अदा करणारा शुक्रगुजार, सारा अदा करणारा मालगुजार. म्हणजे रुबाब मालकाचा आणि नाव भरणा करणाऱ्याचं.

काही कोशप्रेमी इथे ‘गढी’ सुचवतात. त्यांनी गढी पाहिलेली दिसत नाही. गढीला बुरूज असतात, ती लढायला बांधलेली. मालगुजाराच्या वाड्याला सागवानी खांब, मोठ्या दरवाजात वाकून शिरायची दिंडी आणि वसुलीला बसायची ओसरी. दुसरे एक विद्वान ‘वाडा’ हा ‘वाट’ म्हणजे रस्ता यावरून काढतात. साफ चूक. रस्त्याची वाट ‘वर्त्मन्’वरून आली, वाड्याचं मूळ संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, कुंपण घातलेली जागा. वाडी, वाटिका तिथल्याच. एवढा फरक शाळकरी पोरालाही समजावा.

मॅनरच्या धन्याला कुळांवर न्यायनिवाड्याचाही अधिकार असे, मालगुजाराला तेवढा नव्हता, हे मान्य. तरी ‘मालगुजाराचा वाडा’ याहून जवळचा शब्द मला कोणी दाखवावा.

हां, पत्रिकेचं राहिलंच. सातव्या मजल्यावर ना मालगुजारी, ना कुंपण. ‘नवीन घरी’ लिहा. इंग्रजीत छापणार असाल तर ‘मॅनर्स’ मात्र छापू नका. तो शिष्टाचाराचा शब्द लॅटिन ‘मानुस’ म्हणजे हात, त्यावरून आलाय.