मेंदूचं टिश्यू (ऊती) फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात, किती वर्षं टिकतं? उणे ८० अंश सेल्सिअसचे फ्रीझर आल्यावर जुन्या बरण्या काढून टाकाव्यात का?

अजिबात टाकू नका. आमच्या सरांनीच नाव बदलून हा प्रश्न विचारलाय की काय, असं क्षणभर वाटलं.

मी ब्रेन बँकेत, म्हणजे संशोधनासाठी दान केलेले मेंदू जपतात तिथे, तंत्रज्ञ होतो. नवे फ्रीझर आले आणि सरांनी फर्मान सोडलं, "ही बरण्यांची अडगळ हलवा, आता सगळं गोठवायचं." अडगळ म्हणे! फॉर्मॅलिन उडत राहतं, झाकणाच्या आट्यांवर पांढरी खरपुडी धरते, आणि पातळी उतरून मेंदूचा जो भाग उघडा पडतो तो चामड्यासारखा वाळतो. भर घालत कोण बसायचं? मी. बरणीवर मार्करने लिहिलेला नंबर अल्कोहोलच्या ओल्या हाताने पुसला जातो, म्हणून शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतही टाकायचो. त्यावरही सर हसायचे.

फ्रीझर म्हणजे कायमची सोय, हा त्यांचा हेका. २०१२ साली हार्वर्डच्या ब्रेन बँकेतला एक फ्रीझर बंद पडला. घंटा वाजली नाही, बाहेरचा आकडा उणे ७९ च दाखवत राहिला आणि दीडशेच्या आसपास मेंदू खराब झाले. त्यातल्या बऱ्याच मेंदूंचा दुसरा अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये होता, तेवढा बचावला. आणि डॉक्टर अल्झायमरने १९०६ मध्ये ज्यांच्या आजाराबद्दल सांगितलं, त्या ऑगस्टे डेटर या बाईंच्या मेंदूच्या काचपट्ट्या १९९० च्या दशकात म्युनिकमध्ये सापडल्या. त्यांवरून एपीओई या अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेल्या जनुकाची चाचणीसुद्धा झाली. नव्वद वर्षं चालणारा फ्रीझर दाखवा मला.

किती वर्षं, ते काय तपासायचंय त्यावर आहे. डेन्मार्कमध्ये १९४५ ते १९८२ दरम्यान जमवलेले साडेनऊ हजारांच्या घरातले मेंदू ओडेन्सेला बादल्यांमध्ये ठेवलेत. नुसती रचना बघायची तर दशकं निघतात.

हां, आरएनए (पेशीत जनुकांचा निरोप नेणारा रेणू) हवा असेल तर गोठवलेलंच लागतं, तिथे सरांचं बरोबर. वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या टिश्यूवर ठरावीक प्रथिनं शोधायला लावतात त्या अँटीबॉडीही नीट धरत नाहीत. म्हणून काही आठवड्यांत फिक्सिंग झालं, म्हणजे फॉर्मॅलिन आत मुरून टिश्यू घट्ट झालं, की ठरलेल्या भागांचे पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) करून ठेवा. अर्धा मेंदू फ्रीझरला, अर्धा बरणीत. प्रायॉनचा, म्हणजे मेंदूचा आजार पसरवणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनाचा, संशय असेल तर मात्र फॉर्मॅलिनवर विसंबू नका, त्याने संसर्ग मरत नाही.

तुमचेही साहेब ऐकत नसतील तर लेखी मागा: कुठल्या नंबरची बरणी, का टाकायची, खाली सही. आमच्याकडे त्या कागदावर कुणी सही केली नाही.