डूख, डंख की दुःख?

बेलापूरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांची सोसायटी पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून पार्किंगमध्ये दोनदा साप निघाला, म्हणून कमिटीने फळ्यावर सूचना लावली: 'साप दिसल्यास मारू नये, तो दुःख धरतो.' एका आजोबांनी त्यावर पेनाने खाडाखोड करून 'डंख धरतो' असं केलं. ताईंच्या सासूबाई सोलापूरकडच्या. त्या म्हणाल्या, दोन्ही चूक, शब्द 'डूख' आहे. ताई विचारतात, यातला बरोबर शब्द कोणता, त्याचा नेमका अर्थ काय, आणि तो फक्त सापालाच लावतात का? जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय, 'या भीतीने का होईना, लोक साप मारत नसतील तर ते वाक्य राहू द्यावं असं मला वाटतं.' मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते या शेवटच्या वाक्यावर, पण आधी शब्द.

सासूबाईंचं बरोबर आहे. वाक्प्रचार 'डूख धरणे' असाच आहे. डू दीर्घ, कारण मूल, फूल, सूड यांच्यासारखा हा अकारान्त मराठी शब्द आहे आणि त्यातला उपान्त्य उकार दीर्घ. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: मुलाला, फुलाचा, सुडाने, तसं 'डुखाने', 'डुखापायी'. आमच्याकडे हा शब्द पुल्लिंगी, 'डूख धरला' असाच ऐकला. 'दुःख' बहुधा फोनच्या कीबोर्डने घातलं असावं, त्याला ओळखीचा शब्द तोच. आणि 'डंख' वेगळा. डसणे आणि डंख हे दोन्ही संस्कृत 'दंश्' या धातूच्या घरातले, पण डंख म्हणजे टोचण्याची किंवा चावण्याची क्रिया आणि तिची जखम. डंख होतो, डंख मारला जातो, तो मनात धरून कुणी बसत नाही. आजच्या बोलण्यात डंख मधमाशी नि गांधीलमाशी मारतात, विंचू नांगी मारतो आणि साप चावतो. ही वाटणी मला आवडते, पाळावीशी वाटते. सापाची दुभंगलेली जीभ हाच त्याचा डंख, असं समजणारी माणसं अजून भेटतात. ती जीभ बिचारी फक्त हवेतला वास गोळा करते.

आता अर्थ. मराठीत वैराच्या छटा दाखवणारे शब्द भरपूर आहेत आणि त्यांच्यातला फरक त्यांच्यापुढे येणाऱ्या क्रियापदांतून कळतो. सूड उगवतात, वचपा काढतात, दावा साधतात. तिन्हींत काहीतरी घडतं, समोरच्याला भोगावं लागतं. अढी बसते. तिच्यात करणाऱ्याचा हेतूही नसतो, मनाला एक घडी पडते आणि ती सरळ होत नाही. आकस असतो, तो वागण्यातून झिरपतो, पण त्याला मुहूर्ताची वाट नसते. डूख मात्र 'धरतात'. धरून ठेवायचा, उघड करायचा नाही, चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही आणि संधी मिळेपर्यंत थांबायचं. अपकार लक्षात आहे, परतफेड ठरलेली आहे, फक्त दिवस ठरलेला नाही, या अवस्थेचं नाव डूख. सूड उगवला की डूख संपतो. म्हणून 'त्याने दहा वर्षांनी डूख उगवला' हे वाक्य मला खटकतं. दहा वर्षं डूख धरला आणि मग सूड उगवला, असं म्हणावं.

हे लक्षात घेतलं तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. शब्द माणसांना सर्रास लागतो. बांधाच्या वादात चुलत्याने डूख धरला, बदली झाली म्हणून साहेबाने डूख धरला, लग्नात मानपान चुकला म्हणून व्याह्यांनी डूख धरला, ही सगळी चांगली मराठी वाक्यं आहेत. माझ्या मते तर हा शब्द शोभतो तो माणसालाच. अपकाराची आठवण, कुणी केला त्याची ओळख, पुढचा बेत आणि तोवरचा संयम, एवढं सगळं त्यात गृहीत आहे. सापाच्या मेंदूत यासाठी जागाच नाही. त्याला धोका कळतो, भक्ष्य कळतं, जोडीदाराचा वास कळतो. पार्किंगमध्ये काठी कोणत्या फ्लॅटवाल्याने उगारली, हे त्याला कळत नाही.

मग हा शब्द त्यालाच का चिकटला? एक कारण त्याचे डोळे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर चष्म्याच्या काचेसारखं पारदर्शक खवलं असतं, कात टाकताना तेही कातीबरोबर निघतं. त्यामुळे तो डोळे मिटत नाही, झोपेतही उघडेच. न मिटणारी नजर आपल्यावर रोखलेली दिसली की माणूस तिच्यात स्वतःचाच हेतू वाचतो. मारणाऱ्याचं चित्र सापाच्या डोळ्यांत उमटतं, ही समजूत इथूनच आली असणार असं मला वाटतं. दुसरं कारण म्हणजे छाटलेलं डोकं काही वेळ चावू शकतं. ती निव्वळ स्नायूंची प्रतिक्रिया असते, पण मेला समजून हात लावणाऱ्याच्या बोटात दात रुतले तर 'मरतानाही सोडलं नाही' असंच गावात सांगितलं जाणार.

आणि तिसरं, तुमच्या पार्किंगसारखं: 'तोच परत आला.' नागाची मादी उन्हाळ्यात अंडी घालते, साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. घोणस तर अंडी न घालता थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीससुद्धा. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर एकाच आवारात आठवड्याच्या अंतराने दोन साप दिसणं अगदी साधी गोष्ट आहे. शिवाय ज्या उंदरांसाठी पहिला आला, ते उंदीर तिथेच असतात. जोडीदार सुडासाठी येतो ही समजूतही अशीच. साप जन्माच्या गाठी बांधत नाहीत. विणीच्या काळात नर मादीच्या वासाच्या मागावर निघतो, आणि मारलेल्या मादीचा वास तिथे राहिला असेल तर त्याच जागी पोचू शकतो. तो येतो तिला शोधत.

कोशातही पाहा. अमरकोशात सापाची नावं ओळीने येतात: उरग म्हणजे छातीवर चालणारा, पन्नग म्हणजे पायांनी न चालणारा, बिलेशय म्हणजे बिळात राहणारा, दर्वीकर म्हणजे पळीसारखी फणा असलेला. पवनाशन, वारा खाऊन जगणारा, हे चुकलं आहे, पण साप अन्नावाचून आठवडेच्या आठवडे काढतो हे कुणीतरी नीट पाहिल्याशिवाय ते नाव पडलं नसतं. चक्षुःश्रवा हे माझं सगळ्यात आवडतं: डोळ्यांनी ऐकणारा. सापाला बाहेरचा कान नाही, जमिनीची कंपनं जबड्यावाटे आतल्या कानापर्यंत जातात. गारुड्याच्या पुंगीपुढे नाग डोलतो तो सुरांवर नव्हे, पुंगी हलते तिच्यावर नजर ठेवून. एका शब्दात किती अचूक पकडलं आहे! या सगळ्या यादीत वैर लक्षात ठेवणारा अशा अर्थाचं नाव नाही. आपली म्हणसुद्धा बघणाऱ्यांचीच: 'आयत्या बिळावर नागोबा.' नाग स्वतः बीळ खणत नाही, उंदराच्या बिळात किंवा वारुळात शिरतो. सापाकडे नीट पाहणाऱ्यांनी जी भाषा घडवली तिच्यात डूख कुठे येत नाही. तो कथांतून आला. महाभारतातला अश्वसेन खांडववन जळताना अर्जुनाच्या बाणाने आई गेली म्हणून त्याच्यावर डूख धरतो आणि कर्णाच्या बाणावर बसून येतो. त्याच महाभारतात सगळ्यात मोठा डूख मात्र जनमेजयाचा आहे. बापाला तक्षक चावला म्हणून त्याने सर्पसत्र मांडलं आणि सापांच्या अख्ख्या कुळाला अग्नीत ओढलं.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो. ताई, ते वाक्य फळ्यावर ठेवू नका. माझं लहानपण ठाण्यात कोलशेतच्या बाजूला गेलं, तेव्हा तिथे खाडीकाठी भातशेती होती. शेजारच्या ओटीवर एकदा लांबडं निघालं. ते धामण होतं, विष नसलेलं, उंदरांवर जगणारं. पहिली काठी कमरेवर बसली आणि ते वळवळत जात्याखाली शिरलं. एवढ्यावर सोडलं असतं तर बहुधा निघूनही गेलं असतं. पण घरातल्या आजी ओरडल्या, 'अर्धवट सोडू नका रे, डूख धरेल!' मग जातं हलवून, बाहेर ओढून, डोळे राहू नयेत म्हणून डोकं ठेचून त्याला मारलं आणि रॉकेल ओतून जाळलं. त्या घरातल्या बायका पुढचे कित्येक दिवस नीट झोपल्या नाहीत, जोडीदार येईल म्हणून. मी सातवीत होतो. त्या धामणीने काय केलं होतं, हा प्रश्न तेव्हा मला विचारता आला नाही, तो अजून सोबत आहे. डूख हा शब्द उगारलेली काठी एखाद्या वेळी थांबवत असेल, पण काठी एकदा बसली की तोच शब्द सापाला जिवंत सुटू देत नाही. आणि बेलापूर काय, येऊर काय, खारघर काय, डोंगराला लागून घरं आहेत तिथे घाबरलेल्या हातून पहिली काठी बसणारच नाही, याची हमी कोण देणार?

तुमच्या सासूबाईंना मात्र हे सांगताना जपून सांगा. शब्द त्यांचा बरोबर होता, आणि या तिघांत तो एकट्या त्यांनाच ठाऊक होता.

जाता जाता आणखी एक. तुमच्या पत्रात 'अस्तनीतला साप' असं आलंय. मराठीत अस्तनीत निखारा असतो, साप हिंदीतून आलाय. निखाराच ठेवा, साप निदान तिथून तरी सुटेल.

फळ्यासाठी मजकूर मागितला होतात, तो असा चालेल: 'आवारात साप दिसल्यास मारू किंवा पकडू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोन्हींना मनाई आहे. लहान मुलांना दूर ठेवून, लांबूनच सापावर नजर ठेवावी आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. कचऱ्याचे डबे रात्री झाकून ठेवावेत. उंदीर येतात तिथे साप येतो. साप चावल्यास करकचून बांधू नये, जखम कापू नये, चावलेला भाग हलवू न देता १०८वर फोन करून ताबडतोब रुग्णालयात न्यावे.' 'सर्पदंश झाल्यास' न लिहिता 'साप चावल्यास' मुद्दाम लिहिलंय. हा फळा तुमचे वॉचमनकाका आणि कामाला येणाऱ्या मावशीही वाचतात, आणि घाईच्या वेळी तोंडी येतात ते शब्द हेच.