ट्रान्सक्रिप्टच्या पाकिटासाठी वर्ष घालवू नकोस

तुझी पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. एमए इंग्लिश पार्ट टू, अमेरिकेत पीएचडी नाहीतर एमएफएला (म्हणजे कथा-कविता लेखनाच्या पदव्युत्तर कोर्सला) अर्ज करायचाय, डेडलाइन डिसेंबरातल्या, आणि ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या मार्कांचा युनिव्हर्सिटीचा अधिकृत कागद) परीक्षा विभाग तिसऱ्यांदा म्हणतोय "पुढच्या आठवड्यात या", म्हणून यंदाचं सोडूनच देऊ का असं विचारतीयेस. नको सोडूस. मी २०१६ ला सोडलं होतं, अगदी याच कारणासाठी, आणि अजून आठवलं की चिडचिड होते.

टोफेल (इंग्रजीची परीक्षा), एसओपी (का शिकायचंय ते सांगणारं अर्जातलं निवेदन) वगैरेवर भरपूर लिहिलं गेलंय, ते तुला माहीतच असेल. मी मुख्यतः ट्रान्सक्रिप्टच्या सीलबंद पाकिटाबद्दल बोलते.

आमच्या वेळी एफवाय-एसवायच्या परीक्षा कॉलेजच्या आणि टीवायची युनिव्हर्सिटीची. म्हणजे ट्रान्सक्रिप्टवर आधी कॉलेजने दोन वर्षांचे मार्क भरायचे, प्राचार्यांची सही-शिक्का, मग चलन, मग युनिव्हर्सिटीत पडताळणी. कॉलेजात एफवायचं रजिस्टर सापडेना. चार दिवसांनी सापडलं तर क्लार्कबाई रजेवर. युनिव्हर्सिटीत खिडकीवरचे काका फॉर्म उलटासुलटा करून म्हणाले, "इंग्लिश शिकायला परदेशात? इथे नाही का शिकवत?" (कुठली युनिव्हर्सिटी ते विचारू नकोस, सगळीकडे तेच काका असतात.) वर नावाचा घोळ. मार्कशीटवर आडनाव आधी, मग मी, मग वडील, शेवटी आई, पासपोर्टवर वेगळाच क्रम, त्यासाठी अॅफिडेव्हिट आणा म्हणाले. दिवाळीनंतर सुरू केलेलं काम २० डिसेंबर उजाडला तरी चाललेलंच. तोवर १ आणि १५ डिसेंबरच्या सगळ्या डेडलाइन गेल्या.

पाकीट एकदाचं मिळालं. खाकी, चिकटवलेल्या कडेवर जांभळा शिक्का, त्यावर आडवी सही. उरलेल्या दोन जानेवारीच्या डेडलाइन तरी गाठू म्हणून मी घरी येऊन ते फोडलं, स्कॅन करायला! आणि मग मागे छापलेलं वाचलं, सील तुटलेलं असल्यास ग्राह्य धरू नये. मी तिथेच जमिनीवर बसले. परत चलन भरायची ताकद नव्हती, वर्ष सोडलं.

खरी मूर्खपणाची गोष्ट पुढच्या वर्षी कळली. त्या दोन्ही ठिकाणी अर्ज करताना सीलबंद ट्रान्सक्रिप्ट लागतच नव्हतं! ग्रॅज्युएट स्कूलच्या (तिथल्या युनिव्हर्सिटीचा पदव्युत्तर प्रवेश बघणारा विभाग) वेबसाइटच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं की अर्जाला अनऑफिशियल कॉपी चालेल, म्हणजे आपल्या मार्कशीटा स्कॅन करून एक पीडीएफ, आणि ऑफिशियल कागद फक्त अॅडमिशन मिळाल्यावर. मी ते पान वाचलंच नव्हतं, एका सीनियरने सांगितलं "सीलबंद लागतं" आणि मी जवळजवळ दोन महिने त्या खिडकीशी घातले. त्याने सांगितलं ते चूक नव्हतं, पण त्याला ते प्रवेशानंतर लागलं होतं.

तर आज रात्री बसून यादीतल्या प्रत्येक ठिकाणचं पान स्वतः वाच, डिपार्टमेंटचं वेगळं आणि ग्रॅज्युएट स्कूलचं वेगळं, दोन्ही. सगळीकडे असंच असेल असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी अर्जालाच डब्ल्यूईएससारख्या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांचं मूल्यांकन मागतात, तिथे मात्र युनिव्हर्सिटीकडूनच कागद जावे लागतात. अशी ठिकाणं यंदापुरती यादीतून काढ. आणि पर्सेंटेजचं ४ पैकी जीपीए (तिकडची ग्रेडची सरासरी) स्वतः करत बसू नकोस, वेगळं विचारलं नसेल तर जे मार्कशीटवर आहे तेच भर. फॉर्मवर आणि टोफेलला नाव मात्र पासपोर्टसारखं.

वाचलेला वेळ रायटिंग सॅम्पलवर, म्हणजे अर्जासोबतच्या लेखनाच्या नमुन्यावर घाल. माझ्या मते (आणि हे फक्त माझं मत, कमिटीत मी कधी बसले नाही) अॅडमिशन तिथे ठरतं. पीएचडीला साधारण १५-२० पानांचा टीकालेख, एमएफएला तुझ्या कथा नाहीतर कविता, त्यामुळे "पीएचडी नाहीतर एमएफए" असं एकाच एसओपीत जमत नाही. माझं पहिलं सॅम्पल म्हणजे एमएच्या डिसर्टेशनचं एक प्रकरण, सहा पानं लेखकाचं चरित्र, सहा पानं कथानक, थोडक्यात गाइडबुक. दुसऱ्या वर्षी कवी अरुण कोलटकर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे कसे लिहितात त्यावर लिहिलं, आणि एकाच कवितेच्या आठ ओळींवर चार पानं खर्च केली. मराठी वाचता येतं हे आपण उगाच लपवतो, तिकडे त्याची किंमत आहे.

पैशाचं थोडक्यात. पीएचडीला सहसा फी माफ आणि स्टायपेंड, बदल्यात फर्स्ट इयरच्या पोरांना कॉम्पोझिशन, म्हणजे निबंधलेखन शिकवायचं. एमएफए काही ठिकाणी तसंच, काही ठिकाणी अजिबात नाही. नुसतं एमए बहुतेक खिशातून. कर्ज काढून एमएफए करू नकोस, लोक रागावतील पण मी हे सांगणारच. व्हिसा आणि फंडिंगचं सध्या रोज काहीतरी बदलतंय, त्यात माझं ऐकू नकोस.

जुन्या नोट्समध्ये जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या लिटरेचर पेपरची तयारी दिसली तर फेकून दे, तो २०२१ मध्येच बंद झाला. आणि इथल्या यूजीसी-नेटचा (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) फॉर्म भरून ठेव, निगेटिव्ह मार्किंग नाही, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० रुपये, इथेही दार उघडं राहतं.

रेकोसाठी, म्हणजे शिफारसपत्रांसाठी, तीन सर-मॅडम लागतील. "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणणारे निघतात, त्यांना नम्रपणे सांग की पत्र अपलोड करायची लिंक थेट त्यांच्या मेलवर येते. आणि ती बरेचदा स्पॅममध्ये जाते, डेडलाइनच्या दहा दिवस आधी फोन कर, मेल नको, फोन.

परीक्षा विभागातला अर्ज मात्र मागे घेऊ नकोस, चालू दे त्यांचं सावकाश. फंडिंगच्या ऑफरला उत्तर द्यायची तारीख बहुतेक ठिकाणी १५ एप्रिल असते, खरं पाकीट त्यानंतर लागेल. तेव्हा एकाऐवजी तीन सीलबंद घे, आणि सोबत एक उघडी कॉपी माग, आत मार्क बरोबर पडलेत का ते बघायला.