उभं हरीण नको, बसलेलं खवले मांजर करा

प्रश्न : तुमच्या प्रदर्शनात सोपस्टोनमधलं अंगाची गुंडाळी केलेलं खवले मांजर पाहिलं. या दगडावर म्हणे नखानेही ओरखडा उठतो. मग शिल्प टिकतं का? आणि एकही प्राणी चार पायांवर उभा का नव्हता?
— एक वाचक, कराड

उत्तर : ओरखडा उठतो, खरंय. सोपस्टोनमध्ये मुख्यतः संगजिरं असतं आणि ते खनिजांत सगळ्यांत मऊ. पण मऊ म्हणजे तकलादू नव्हे. मोहेंजोदडोच्या मुद्रांवरचे गेंडे, हत्ती, वाघ याच जातीच्या दगडात कोरलेले आहेत, चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी. त्या मुद्रा कोरून झाल्यावर भट्टीत भाजत, म्हणून इतक्या कडक. न भाजलेल्याचा दाखला हवा असेल तर कर्नाटकातलं बेलूर गाठा. चेन्नकेशव मंदिर १११७ मधलं. तिथे एका मदनिकेच्या, म्हणजे दगडात कोरलेल्या सुंदरीच्या, डोक्यावरच्या वेलबुट्टीत फणसावर माशी बसली आहे आणि तिच्यावर पाल टपली आहे. लोक मदनिकेचे दागिने बघतात, मी पालीपाशीच रेंगाळते.

आता उभ्या प्राण्याचं. या दगडाला आतून पापुद्रे असतात, कधी बारीक शीरही असते. हत्तीचे पाय निभतील, पण हरणाचा पाय कोरायला घेतला की आडव्या शिरेवर कटकन जातो. कॅनडाच्या किनगेटमधले शिल्पकार पाउता साइला अस्वलाला एका पायावर नाचवत, पण तिकडचा दगड बहुतेक सर्पेंटाइन, आपल्यापेक्षा कडक. त्यांचं बघून इथे तसंच करायला जाऊ नये. म्हणून माझं शेकरू फांदीला चिकटून बसतं, शेपूट खोडावर टेकवून. खवले मांजर तर या दगडासाठीच जन्माला आलंय. घाबरलं की स्वतःच गोळा होतं, तोंड पोटाशी, वरून शेपूट. मोडायला काही बाहेर उरतच नाही.

खवलं आधी पेन्सिलीने आखून घ्या. पाठीवर साधारण ११ ते १३ ओळी, एका ओळीतलं खवल्याचं टोक पुढच्या ओळीतल्या दोघांच्या फटीवर. डोक्याकडे बारीक, पाठीवर मोठी. मग त्रिकोणी कानशीने कडा उतरवायच्या. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून १२० नंबरपासून ६०० नंबरपर्यंत, म्हणजे खरखरीतपासून बारीकपर्यंत, चढत जा. दगड कोमट करून मधमाशांचं मेण चोळलं की राखाडी रंग एकदम काळसर हिरवा होतो. यानंतर अणकुचीदार सुईने खवल्यांवर रेघा ओढल्या, तर त्या पांढऱ्या उमटतात. वरून पुन्हा मेण लावू नका, नाहीतर रेघा बुडतात. अंगाला एकही रंग न लावता खवल्यांवरच्या बारीक रेघा अशा मिळतात.

प्रश्न : नात सातवीत आहे, चित्रं छान काढते. तिला हा दगड आणून देऊ का? घरात गॅलरी आहे.
— एक आजोबा, चिपळूण

उत्तर : गॅलरीत नको, आजोबा. ही भुकटी टाल्कम पावडरीसारखी निरुपद्रवी वाटते, पण काही खाणींच्या दगडात ॲस्बेस्टॉसच्या जातीचे तंतू असतात आणि वरून बघून ते कळत नाही. मी स्वतः अंगणात बसते, दगड ओला ठेवते, चांगला मास्क लावते. झाडू मारत नाही, ओल्या फडक्याने पुसून घेते. काम करतानाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकत नाही.

नातीला आत्ता अंगाच्या साबणाची वडी द्या, जरा सुकवून. सुरी नको, आइस्क्रीमची काडी आणि खिळा पुरे. पहिला प्राणी कासव करू दे. पाठीचा घुमट आधी, पाय शेवटी, तेही अंगाशी ओढून घेतलेले. चिपळूणला आहात, तर धनेश दाखवायला घेऊन जा तिला. चोच कशी वळते, ते नीट बघून आली की वडीवर करून पाहू दे.