इंग्लंडमध्ये उन्हाळा थंड गेला तर घरची अंजिरं पिकतात का? कोणती जात लावावी?

तुमचा प्रश्न वाचला. मँचेस्टरजवळ घर, अंगणात कुंड्यांमध्ये तीन जातींची अंजिरं, आणि यंदाचा, म्हणजे २०२४ चा, उन्हाळा असा गार गेला की सप्टेंबर संपत आला तरी फळं हिरवी आणि दगडासारखी टणक. आता तुम्ही विचारताय की ही झाडं काढून दुसरी कुठली जात लावू का. झाडं काढू नका प्लीज. झाडांचं काहीच बिघडलेलं नाहीये, तुम्ही ज्या बहाराची वाट बघताय तो बहार इथे बाहेर उघड्यावर पिकत नाही एवढंच.

मी लीड्सला राहते, म्हणजे तुमच्याहून थोडी उत्तरेलाच. मूळची सासवडकडची, मामांची पुरंदरातल्या दिवे गावाला अंजिराची बाग आहे, त्यामुळे बहार हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण आमच्यासाठी ते आधीपासूनच पाटीत अंजिराच्याच पानावर रचलेलं, पहाटे तोडलेलं फळ. तिकडे शेतकरी बहार धरतो, पाण्याचा ताण देतो, छाटणी करतो, मग पाणी सोडतो. पावसाळ्याकडचा तो खट्टा बहार आणि उन्हाळ्याकडचा तो मीठा बहार. खट्ट्यात तांबेरा रोगाची भीती आणि फळ जरा पाणचट, गोडी खरी मिठ्यात. मामा म्हणायचे, झाड कुठलंय ते नंतर विचार, आधी बहार कुठला धरलाय ते विचार. इथे येऊन नऊ वर्षं अंजीर लावल्यावर मला ते जास्तच पटलंय.

इथे बहार आपण धरत नाही, थंडी ठरवते, पण बहार दोन आहेतच. एक येतो यंदाच्या नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत. तुमच्या कुंड्यांमध्ये आत्ता जी सुपारीएवढी हिरवी फळं दिसतायत ना ती याच बहाराची. दुसरा येतो गेल्या वर्षीच्या काडीवर, त्याला इथले लोक ब्रेबा म्हणतात. त्याचे मणी, म्हणजे इवलीशी फळं, उन्हाळा संपता संपता काडीच्या शेंड्याशी धरतात, वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान राहून थंडीभर तसेच बसून राहतात, मेमध्ये फुगायला लागतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात. म्हणजे त्या फळाला सुरुवातच गेल्या वर्षी मिळालेली असते, यंदाचा उन्हाळा त्याला फक्त शेवट करायला लागतो. नव्या फुटीवरच्या फळाला मात्र सगळा प्रवास एकाच उन्हाळ्यात करायचा असतो, तेवढी ऊब इथे चांगल्या वर्षीसुद्धा काचेखालीच मिळते, मग यंदासारख्या वर्षी तर विषयच नको. इथल्या हवामान खात्याने, मेट ऑफिसने, सांगितलंय की २०२४ चा उन्हाळा २०१५ नंतरचा सगळ्यात थंड, देशाचं सरासरी तापमान १४.३७ अंश. पुरंदरात थंडीच्या दिवसांत पहाटे असतं तसं सगळा उन्हाळाभर.

आणि तरीही यंदा माझ्या भिंतीवरच्या झाडाला एकतीस अंजिरं पिकली. फुशारकी म्हणून नाही सांगत, त्यामागे एक चूक आहे, ती ऐका. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या पंधरवड्यात कडाक्याची थंडी पडलेली तुम्हाला आठवत असेल, तेव्हा मी झाडावर काहीच टाकलं नव्हतं, म्हटलं झाड जुनं आहे, घेईल सहन करून. खोडाला काही झालं नाही, पण शेंडे काळे पडले आणि मणी नखाने दाबले की आत पोकळ. पुढचा जून, म्हणजे २०२३ चा, हा यूकेत नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात उष्ण जून होता, आणि त्या वर्षी मला एकही फळ मिळालं नाही. एकही नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र नोव्हेंबरातच शेंड्यांना फ्लीस, म्हणजे झाडं थंडीत झाकायचं हलकं कापड, गुंडाळलं, आणि हा असा गारठलेला उन्हाळा असूनसुद्धा फळं आली, नेहमीपेक्षा उशिरा आली पण आली. तेव्हापासून मी उन्हाळ्याची काळजी कमी करते आणि हिवाळ्याची जास्त.

आता जातींचं. तुम्ही लिहिलंय ब्राउन टर्की, ब्रन्सविक आणि रूज द बोर्दो. ब्राउन टर्कीला इथली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी गार्डन मेरिट पुरस्कार देते ते उगाच नाही, चव पुरंदरच्या फळाच्या पासंगाला पुरत नाही हे खरं, पण दरवर्षी ब्रेबा बहार देते आणि थंडी सोसते. ब्रन्सविकचं फळ मोठं, आत लालसर गर, पण पिकायच्या वेळी पाऊस लागला की तडकतं आणि लगेच आंबतं, त्यामुळे त्याची कुंडी पावसाच्या आडोशाला, घराच्या छज्जाखाली ठेवा. रूज द बोर्दो चवीला तिघांत सरस, पण तिला ऊब पाहिजे, माझी मी कायम काचेच्या आत ठेवते, बाहेर ठेवून तिचा छळ करू नका. चौथी घ्यायचीच असेल तर व्हाइट मार्सेल घ्या, फिकट पिवळसर-हिरवी, आत जवळजवळ पारदर्शक गर, मधासारखी गोड. लंडनमध्ये लॅम्बेथ पॅलेसच्या भिंतीवर हीच जात आहे, कार्डिनल पोल यांनी सोळाव्या शतकात लावली असं सांगतात, म्हणजे इंग्लंडचे किती थंड उन्हाळे तिने काढले असतील बघा. डेझर्ट किंग पण थंड समुद्रकिनारी भागातले लोक आवडीने लावतात, कारण तिचा ब्रेबा बहार भरघोस असतो. तिच्या नव्या फुटीवरच्या बहाराला मात्र परागीभवन लागतं, ते नसेल तर फळं गळतात, इथे तशीही ती पिकणार नसतात म्हणून नुकसान काही नाही.

परागीभवनाचं निघालंच आहे तर एक सांगते. आपल्याकडे उंबर फोडून केंबरं उडवू नये म्हणतात ना, त्या केंबरांसारखीच एक बारीक गांधीलमाशी खऱ्या अंजिराचीपण असते, ती इंग्लंडात बाहेर नाही. त्यामुळे स्मर्ना प्रकारची, म्हणजे तुर्कस्तानातली सुकवायची अंजिरं ज्या झाडांची असतात ती इथे लावून उपयोग नाही, फळ धरेल, बोराएवढं होईल आणि गळून जाईल. ऑनलाइन काड्या विकणारे हे सांगतातच असं नाही, आधी विचारून घ्या. आणि गावाहून पुण्याची काडी बॅगेत टाकून आणायचा मोह मलाही दरवेळी होतो, पण फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय, म्हणजे रोपाला रोग-कीड नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय, ते चालत नाही आणि चालू नयेच, आपल्यामुळे इथे एखादा रोग यायला नको.

कुंडीबद्दल थोडक्यात. अंजिराला पाय पसरायला जागा दिली की ते पानंच पानं काढतं. मुळ्या आवळलेल्या बऱ्या. एकदम मोठी कुंडी नको, एकेक साइज वाढवत पंधरा-अठरा इंचावर थांबा. कुंडीतलं मिश्रण मातीचंच असू दे, जॉन इनेस नंबर तीन नावाचं तयार मिश्रण मी वापरते, नुसतं पीटसारखं हलकं मिश्रण लवकर वाळतं. मेपासून टोमॅटोचं खत आठवड्याला एकदा, फळ रंग बदलायला लागलं की बंद. जून संपायच्या आत नव्या फुटीला पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडा, मग बाजूला फूट येते आणि पुढच्या वर्षीचे मणी धरायला जास्त शेंडे मिळतात. आणि जागा म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत. माझ्या भिंतीला संध्याकाळी सातला हात लावला तर कोमट लागते, हवेत गारवा असला तरी. थंड वर्षी त्या भिंतीचाच काय तो आधार.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, अंजीर सलग वाढत नाही. आधी भराभर फुगतं, मग मध्येच कित्येक आठवडे आहे तिथेच थांबतं, ना मोठं होतं ना रंग बदलतं, आणि मग अचानक आठवड्या-दीड आठवड्यात दुप्पट होऊन पिकतं. हवा थंड असली की हा मधला मुक्काम लांबतो. लोक इथेच धीर सोडतात, पाणी वाढवतात, खत वाढवतात, किंवा दाबून दाबून बघतात. यंदा माझी ब्राउन टर्की जुलैभर अशीच थांबली होती, रोज सकाळी बघायचे, काही नाही. मग ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर एका फळाने मान टाकलेली, देठाशी वाकून खाली लोंबतंय, सालीवर बारीक पांढऱ्या भेगा आणि खालच्या तोंडाशी मधाचा एकच थेंब. तोपर्यंत तोडायचं नाही. अंजीर केळ्यासारखं अढीत पिकत नाही, कच्चं तोडलं तर कच्चंच राहतं. भूमध्य समुद्राकडे फळाच्या तोंडाला ऑलिव्ह ऑइलचा एक ठिपका लावायची जुनी पद्धत आहे, मी कापसाच्या काडीने लावून बघितला, लावलेली फळं बाकीच्यांच्या आधी पिकली, पण चव जराशी फिकी वाटली मला.

मग आत्ता तुम्ही काय करायचं. पुढचे दोन-तीन आठवडे कुंड्या कंझर्व्हेटरीत, म्हणजे घराला लागून असलेल्या काचेच्या खोलीत, किंवा ग्रीनहाऊसमध्ये घेता आल्या तर घ्या, रूज द बोर्दोची एखाद-दोन फळं मिळूनही जातील. पानं गळाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाटाण्यापेक्षा मोठी असलेली सगळी हिरवी फळं खुडून टाका, जीव तुटतो पण ती थंडीत कुजतात आणि झाडाची ताकद खातात. सुपारीएवढी कोवळी असतील तर फेकू नका, दोन-तीनदा पाणी बदलून उकळून चीक घालवायचा आणि मग पाकात वेलची टाकून मुरंबा करायचा, पोळीबरोबर छान लागतो. वाटाण्याएवढे आणि त्याहून लहान मणी मात्र अजिबात हलवू नका, तेच तुमचं पुढच्या वर्षीचं फळ. कुंड्या पानगळीनंतर गॅरेजमध्ये ठेवल्या तरी चालतं, झाड झोपलेलं असतं, उजेड लागत नाही, महिन्यातून एकदा घोटभर पाणी पुरे. बाहेरच ठेवणार असाल तर शेंड्यांना फ्लीसचे दोन थर, आणि कुंडीलापण गुंडाळा, कुंडीतल्या मुळ्या जमिनीतल्यापेक्षा आधी गारठतात. मार्च-एप्रिलमध्ये ऊन बघून बाहेर काढलं तरी रात्री थंडी पडणार असेल तर पुन्हा झाका, मेच्या मध्यापर्यंत भरवसा नाही.

आणि खुडताना हातमोजे घाला, पूर्ण बाहीचा शर्ट घाला. अंजिराचा चीक अंगाला लागून वर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. दिव्याला तोडणीच्या बायका हाताला फडकी बांधायच्या ते मी बघितलेलं होतं, तरी इथल्या उन्हाला काय घाबरायचं म्हणून पहिल्या वर्षी तशीच जून महिन्यात शेंडे खुडत बसले, तर मनगटावर फोड आले आणि डाग दोन महिने राहिले. लहान मुलं जवळ असतील तर जास्तच जपा.

नोव्हेंबरात पानं गळाली की प्रत्येक झाडाच्या दोन-तीन शेंड्यांचे जवळून फोटो काढून इथे उत्तराखाली टाका, कुठले मणी ठेवायचे आणि कुठले काढायचे ते मी बघून सांगते.