१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या नुसतीच देखणी आहे का?

आपण विचारले आहे की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या केवळ दिसायला देखणी आहे, की तिला काही गणिती गुणधर्मही आहेत. दोन्ही खरे आहे, मात्र या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

ही संख्या १११११११११ चा वर्ग आहे. रत्नागिरीजवळच्या शाळेत मी गणित शिकवतो. तेथे हा गुणाकार मुलांना चौकटींच्या वहीत उभ्या मांडणीने करायला सांगतो. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ वेळा १, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. बेरजेला बसले की उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ सापडतो, दुसऱ्यात दोन, असे वाढत नवव्या स्तंभात नऊ मिळतात आणि पुढे एकेक कमी होत जातो. कोठेही हातचा येत नाही, म्हणूनच हा डौल टिकतो. नऊऐवजी दहा वेळा १ घेतला, तर मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. डाव्या अंगाचा ८ नाहीसा झालेला दिसतो.

उलटसुलट सारखे वाचले जाणे हा आपल्या दशमान लेखनाचा परिणाम आहे. दहाऐवजी दुसऱ्या पायात, जसे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत, लिहिल्यावर तो टिकेलच असे नाही. अवयव मात्र संख्येचे स्वतःचे असतात. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि हे सर्व अवयव मूळ आहेत. म्हणून आपल्या संख्येत ३ चार वेळा, तर ३७ आणि ३३३६६७ प्रत्येकी दोनदा येतात, आणि तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५ भरतात. विभाजकांची संख्या विषम येणे हे पूर्ण वर्गाचेच लक्षण आहे.

(एक्सेलमध्ये ही संख्या जशीच्या तशी टाइप करू नये, तेथे पंधराच अंक राखले जातात आणि शेवटच्या २१ च्या जागी ०० येतात.)

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. त्यांचा जन्म १९०५ साली आपल्याच किनाऱ्यावरील डहाणूचा, नोकरी देवळालीच्या शाळेत, आणि हे नाव आजच्या डोंबिवली स्थानकाच्या तत्कालीन नावावरून घेतलेले.

या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि तिला ८१ ने निःशेष भागही जातो. येथे सावध राहावे: अंकांच्या बेरजेची कसोटी ९ साठी चालते, ८१ साठी नाही. येथे भाग जातो तो १११११११११ ला ९ ने भाग जातो म्हणून. आता संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने गुणले, तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो: ९९९९९९९९८००००००००१. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन भाग करून बेरीज घेतल्यास ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९, म्हणजे जिचा वर्ग केला तीच संख्या परत येते; असे घडते त्या संख्यांना आज 'कापरेकर संख्या' म्हणतात.