रोज वापरायच्या पिकअपला थोडीच लिफ्ट द्यायची आहे, म्हणजे सस्पेन्शनची उंची वाढवायची आहे. किती इंच घ्यावी? नुसता स्पेसर चालेल की पूर्ण किट लागेल?

आधी उत्तर देतो: ४० ते ५० मिलिमीटर, म्हणजे दीड ते दोन इंच. तेही स्पेसर (उंची वाढवणारी चकती) घालून नव्हे, तर एकमेकांना जुळणारे स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बर बसवून. गाडीला पुढे कॉइल स्प्रिंगचं स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाटे आहेत असं धरतोय, कारण बहुतेक पिकअपची मांडणी तशीच असते.

५० मिमीच्या पुढे का जाऊ नये, याचं कारण पुढच्या चाकांपाशी आहे. गाडी उचलली की सीव्ही जॉइंटचा (फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा, वाकू शकणारा सांधा) कोन वाढतो. रबरी बूटाच्या घड्या एकमेकांवर घासून फाटतात, ग्रीस उडून जातं आणि आत धूळ शिरली की जॉइंट संपलाच. वरच्या (अपर) आर्मचा, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या वरच्या दांड्याचा, बॉल जॉइंटही त्याच्या टोकाच्या कोनाजवळ काम करू लागतो. शिवाय कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी थोडी भरकटते. ५० मिमीपर्यंत हे सगळं बहुतेक गाड्यांत अलाइनमेंटमध्ये (चाकांचे कोन जुळवताना) सांभाळता येतं. त्यावर गेलात की कॅस्टर परत मिळवायला वेगळे अपर आर्म घ्यावेच लागतात, आणि तिथून पुढे एकेका भागामागे दुसरा भाग बदलत जाणं सुरू होतं.

स्पेसर दोन प्रकारचे मिळतात आणि दुकानात दोन्हींना ‘लिफ्ट किट’च म्हणतात. पहिला स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला भाग) डोक्यावर बसतो. स्ट्रट आर्मच्या मधोमध कुठेतरी जोडलेला असल्याने २५ मिमी जाडीच्या चकतीने चाकापाशी साधारण ४० ते ५० मिमी उंची मिळते, म्हणून ५० मिमी जाडीचा स्पेसर घेऊ नका. यात पूर्ण स्ट्रटच खाली सरकतो. चाक पूर्ण लोंबकळलं की आर्म कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली जातो, काही गाड्यांत तर अपर आर्म स्प्रिंगला टेकतो. दुसरा स्पेसर स्प्रिंगच्या वर, स्ट्रटच्या आत बसतो. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, तरी गाडी कडक वाटते. उभ्या गाडीत चाकाला खाली जायला समजा ९० मिमी वाव होता, तर ५० मिमी उचलल्यावर ४० मिमीच उरतो. स्पीडब्रेकर उतरताना शॉक पूर्ण उघडून ‘ठक’ आवाज येतो तो यामुळेच. नवी उंच स्प्रिंग जुन्याच शॉकवर चढवली तरी हेच होतं, म्हणून किटमधला शॉक मूळपेक्षा थोडा लांब आहे ना हे विचारून घ्या.

स्प्रिंग इंचांवर निवडू नका, वजनावर निवडा. चांगल्या कंपन्या एकाच उंचीसाठी वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंग देतात: मूळ बंपरसाठी एक, लोखंडी बंपर आणि विंचसाठी (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) दुसरी. बंपर-विंच मिळून सहज १०० किलो होतात. ‘पुढे कधीतरी बंपर लावू’ म्हणून आजच जड स्प्रिंग घेतली, तर गाडी ठरल्यापेक्षा उंच बसेल आणि लहान खड्ड्यांवर उड्या मारेल. मागेही तोच हिशोब: हौद बहुतेक वेळ रिकामा असेल तर जास्त भाराचा पाटा-संच घेणं म्हणजे रोज कंबर दुखवून घेणं आहे.

मागची उंची वाढवायचे चार मार्ग आहेत. पूर्ण नवे पाटे हा सर्वांत चांगला. जास्तीचा एक पाटा घालणं स्वस्त पडतं, पण रिकामी गाडी आपटते. लांब शॅकलने (पाट्याचं टोक चासीला जोडणारी पट्टी) वाढवलेल्या लांबीच्या साधारण निम्मीच उंची मिळते. एक्सल आणि पाट्यांमधला ठोकळा २५ मिमीपर्यंत ठीक; त्याहून उंच असेल तर जोरात निघताना एक्सल पिळवटतो. ठोकळ्यावर ठोकळा तर कधीच नको.

हे लोकांच्या लक्षात राहत नाही: अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भाराप्रमाणे बदलणारा व्हॉल्व्ह चासीवर असतो आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. मागची बाजू उचलली की दांडी खाली ओढली जाते, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी दाबाने लागतात. एक्सलवरचं ब्रॅकेट लिफ्टइतकंच वर घ्यावं लागतं. गाडीखाली वाकून पाहा. दांडी दिसली तर मेकॅनिकला हे करायला सांगाच.

मागच्या एक्सलला ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल आणि लिफ्टनंतर निघताना थरथर जाणवली, तर मधल्या बेअरिंगचं ब्रॅकेट आणि चासी यांच्यामध्ये १० मिमीच्या आसपास पॅकिंग देऊन बेअरिंग खाली घेतल्याने बहुधा थांबते.

बसवताना: आधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मापं घेऊन लिहून ठेवा. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच वापरा, जुने एकदा ताणले गेलेले असतात. पाट्यांच्या आणि आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच पूर्ण आवळा. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. स्ट्रटचा मधला नट स्प्रिंग-कॉम्प्रेसरशिवाय उघडू नका, दबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. चाक पूर्ण लोंबकळत ठेवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना हे बघा.

लिफ्टने मागच्या डिफरन्शियलखालची (एक्सलच्या मधल्या गोळ्याखालची) जागा एक मिलिमीटरही वाढत नाही. ती फक्त मोठ्या टायरने वाढते. २६५/६५ आर १७ ऐवजी २६५/७० आर १७ घेतले तर व्यास सुमारे २६ मिमी वाढतो, म्हणजे डिफरन्शियल १३ मिमी वर जातं. आधी अचूक असलेला स्पीडोमीटर मात्र १०० दाखवताना प्रत्यक्ष वेग १०३ च्या पुढे असतो.

पुढची बाजू मागच्या बरोबरीला आणायचा मोह आवरा. कंपनीने मागची बाजू उंच ठेवली आहे ती हौद भरल्यावर गाडी सपाट व्हावी म्हणून. बरोबरीला आणलेली गाडी भरली की नाक वर करते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. शेवटी अलाइनमेंट करून घ्या आणि हेडलाइट खाली घ्या. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून अलाइनमेंट परत तपासा, कारण नव्या स्प्रिंग तोवर थोड्या बसलेल्या असतात. आणि हो, पैसे भरण्याआधी या बदलाला तुमच्याकडचे नियम आणि विमा कंपनी परवानगी देतात का ते विचारा.